पेटीतली वही बाहेर काढताना

परवानगी मागू नकोस, बाई. सांगून टाक. “दुपारी दोन ते साडेतीन मी माझ्या वहीपाशी बसणार, तेवढा वेळ चहा ज्यानं त्यानं करून घ्यावा,” एवढंच सांग, आणि आवाज न चढवता सांग. मागितलेल्या गोष्टीवर घर विचार करत बसतं. आज पाहुणे आहेत, उद्या कापूस वेचायला बाया लावायच्या आहेत, परवा कोणाचं तरी लगीन. सांगितलेल्या गोष्टीची मात्र आठ-पंधरा दिवसांत सवय पडते. इतकी वर्षं या घराला जेवणाच्या, झोपण्याच्या, सणावारांच्या सवयी तूच लावल्यास. ही आणखी एक लाव.

तुला हे सगळं सांगावंसं वाटतं, कारण तूही माझ्यासारखीच तिकडून इकडे आलेली. वरूड, नरखेड, काटोल, सावनेरच्या लेकी सौंसर-पांढुर्ण्याला द्यायच्या, ही रीत राज्यांच्या सीमेहून जुनी आहे. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि आपला छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. तोवर नागपूर हीच मध्य प्रदेशाची राजधानी होती. सोयरिकी काही थांबल्या नाहीत, पण माहेर एका राज्यात आणि सासर दुसऱ्या राज्यात, असं होऊन बसलं. मग २०२३ मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला आणि सौंसर छिंदवाड्यातून निघून त्यात आलं. बाईचा पत्ता असा तिला न विचारताच बदलत आला आहे. माहेरी सातबारा होता, इथे खसरा आला. माहेरच्या शाळेत निबंधाला शाबासकी मिळवणारी पोरगी इथे तहसिलीत हिंदी अर्जावर नुसती सही करू लागली. पोरं हिंदी शाळेत गेली, आणि आपली मराठी घरात, वावरात आणि भजनात उरली. छोट्या लाइनच्या गाडीनं सावनेरकडून सौंसरला उतरलेल्या कितीतरी नवऱ्या मुलींच्या पेटीत गाण्यांची, कवितांची एखादी वही होती. ती लाइन २०१५ मध्ये बंद झाली, तिच्या जागी मोठी लाइन आली. वह्या अजून पेट्यांच्या तळाशीच आहेत.

ती वही बाहेर काढताना पहिली भीती वाटते ती भाषेची. आपली बोली ना धड नागपूरची राहिली ना छिंदवाड्याची झाली, असं आपल्या बायांना मनातून वाटत असतं. ही लाज अगोदर सोड. आपल्या बागेत संत्र्याचा डोळा जंबेरीच्या खुंटावर बांधतात, आणि फळ संत्र्याचंच लागतं. तू “कायले” म्हणतेस ना, मग “कायले” असंच लिही. पटवारी, सब्जी, थैला हे शब्द वाक्यात येत असतील तर येऊ दे. जन्मभर सौंसरच्या बाजारात भाजी घेतलेल्या बाईच्या कथेत पटवारीच यायला हवा. तिथे तलाठी आला की ती कथा दुसऱ्या कोणाच्या तरी गावची होते. जळगावच्या बहिणाबाई चौधरींनी त्यांच्या घरच्या, शेतातल्या बोलीतच गाणी रचली, आणि आज सगळा महाराष्ट्र ती पाठ म्हणतो. त्यांनी ती पुस्तकी मराठीत आणायची खटपट केली असती तर त्यातलं काय उरलं असतं, याचा विचार कर.

आणि एक सोय आपल्याकडे अशी आहे की जिची किंमत आपण कधी केलीच नाही. मराठी आणि हिंदी दोन्हींची लिपी देवनागरी. तेलंगणात नाहीतर बंगालात स्थिरावलेल्या मराठी बाईचा नातू तिथल्या शाळेत शिकला, तर आजीची वही उघडूनही त्याला अक्षर लागत नाही. तुझा नातू हिंदी माध्यमात असला तरी तुझं पान वाचू शकतो. तो ‘ळ’ला अडेल, एखाद्या शब्दाचा अर्थ विचारेल, “आजी, वावर म्हणजे खेत का?” म्हणेल. विचारू दे. रोज एक पान त्याच्याकडून मोठ्यानं वाचून घे. तो जिथे अडखळतो तिथे पेन्सिलीनं खूण कर. शब्द अवघड नसेल तर बहुतेक वेळा तिथे तुझंच वाक्य लांबलेलं असतं. दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्याशिवाय आपल्या लिहिण्यातला अडथळा कळत नाही, हे मी खात्रीनं सांगते.

लिहिता येत नसेल किंवा हात थरथरत असेल तर टिपणारा माणूस शोध. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. काम करता करता त्या गायच्या, आणि मुलगा सोपानदेव आणि त्यांचे मावसभाऊ पितांबर यांनी ते टिपून ठेवलं. १९५१ च्या डिसेंबरात बहिणाबाई गेल्या. त्यानंतर ती गाणी आचार्य अत्र्यांच्या कानावर गेली आणि १९५२ मध्ये पुस्तक निघालं. त्यांना ते हातात घेता आलं नाही, याचं मला आजही फार वाईट वाटतं. म्हणून तुझा टिपणारा आजच हेरून ठेव. मुलगा, सून, नात, शेजारची कॉलेजातली पोरगी, कोणीही चालेल. मोबाइलच्या कीबोर्डवर माइकचं चिन्ह असतं, भाषा मराठी निवडली की बोललेलं लिहून येतं, तेही वापर. पण आपली वऱ्हाडी त्याला नीट उमगत नाही, भलताच शब्द उमटवतो. बोलीतलं असेल तर सरळ आवाज रेकॉर्ड कर आणि मग माणसाकडून उतरवून घे. उतरवणाऱ्याला एकच ताकीद द्यायची. ऐकलं तसं लिही, सुधारू नकोस. शिकलेल्या पोरांना आजीचं व्याकरण दुरुस्त करायची फार हौस असते, आणि त्या दुरुस्तीत आजीच पुसली जाते.

कोणी म्हणेल, या वयात काय व्हायचंय. लक्ष्मीबाई टिळक १८६८ च्या. रीतसर शाळा नाही, नवऱ्यानं घरीच अक्षरओळख करून दिलेली. त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग १९३४ मध्ये आला, म्हणजे साठी केव्हाच उलटली होती. ओट्यावर बसून बाई बोलते तसं ते पुस्तक बोलतं. आपल्या मध्य प्रदेशात उमरिया जिल्ह्यातल्या लोढा गावच्या जोधइया बाई बैगा. जन्म जंगलातून लाकूडफाटा आणण्यात आणि मजुरीत गेला. सत्तरीच्या आसपास, नवरा गेल्यावर, गावातच आशिष स्वामी यांच्या चित्रशाळेत त्यांनी पहिल्यांदा कुंचला धरला, आणि २०२३ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात ८ मार्च २०१६ ला आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठ ते नव्वद वयाच्या बाया गुलाबी लुगडी नेसून, दप्तर घेऊन मुळाक्षरं गिरवायला बसल्या. ही नावं तुला मोठं होण्याच्या आशेसाठी सांगत नाही. “आता कायले पाह्यजे हे?” असं कोणी म्हटलं की तुझ्याजवळ उत्तर असावं, म्हणून सांगते.

आता शरीराचं. ही गोष्ट बाया हसण्यावारी नेतात आणि तिच्यापायीच अर्ध्या वाटेत थांबतात. काही हाती घेण्याआधी डोळे तपासून घे. बाजारातला तयार चष्मा घेऊ नकोस, दोन्ही डोळ्यांचा नंबर सारखा असेलच असं नाही. मोतीबिंदू असेल तर ऑपरेशन आधी, भरतकाम मग. उजव्या हातानं लिहिणारीनं उजेड डावीकडून येईल असं बसावं, म्हणजे हाताची सावली कागदावर पडत नाही. जमिनीवर बसून गोधडी घालायची हौस असते, पण गुडघे दुखत असतील तर खुर्चीवर बस आणि कापड मांडीवर घे. आठ-दहा सुया सकाळच्या उजेडात एकदमच ओवून ठेव. आणि बोटं आखडायला लागली तर कला सोडायची नाही, हत्यार बदलायचं. अमेरिकेत ‘ग्रँडमा मोझेस’ नावाची शेतकरी बाई होती. संधिवातानं सुई धरवेना, तेव्हा पंच्याहत्तरी ओलांडल्यावर तिनं भरतकाम ठेवून कुंचला हाती घेतला, आणि १९६१ मध्ये एकशे एकाव्या वर्षी जाईपर्यंत ती चित्रं काढत होती. गाणारीचा गळा वयानं उतरतो. तिनं पट्टी खाली घ्यावी, जुन्या पट्टीचा हट्ट धरू नये.

पैसा थोडाच घाल. शंभर पानी वही आणि दोन पेनं. चित्राला गेरू, चुना, काजळी, हळद घरात असतेच. वाकळीला जुनी लुगडी, धोतरं. पहिल्याच महिन्यात हार्मोनियम, शिलाई मशीन, महागडे रंग आणले की घरातले हिशेब विचारू लागतात, आणि मग आपल्या आनंदाला खर्च भरून काढायची घाई होते. वर्षभर काम टिकलं तर मग वस्तू घे, आणि घेताना आपल्या नावाच्या खात्यातून घे.

वेळेचं मी सुरुवातीला बोलले, पण ऋतूंचं राहिलं. आपल्याकडचं वर्ष संत्रं आणि कापूस ठरवतात. आंबिया बहाराची फळं दिवाळीच्या आगेमागे तुटतात, मृगाची फेब्रुवारी-मार्चात. दसऱ्यानंतर कापूस सुरू होतो. त्या दिवसांत मोठं काम मांडलंस तर ते मोडणारच, आणि मोडलं की मन म्हणतं, बघ, आपल्याला जमत नाही. तेव्हा भिंतीवरच्या कॅलेंडरवर आधीच खुणा कर. तोडणीच्या, वेचणीच्या महिन्यांत फक्त टिपायचं : एक ओळ, एक नक्षी, ऐकलेला एक शब्द. पावसाच्या दिवसांत, आषाढापासून पोळ्यापर्यंत, पूर्ण करायचं काम हाती घे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात जांब नदीवर गोटमार, म्हणजे दगडफेकीची जत्रा असते, घरची माणसं त्याच गडबडीत असतात. तोवर एक तरी गोष्ट पुरी झालेली असावी, असा नेम ठेव. पुरी म्हणजे शेवटच्या ओळीपर्यंत. अर्धवट दहा कवितांनी बाईचा जीव थकतो. एक पुरी झाली की दुसरीला आपोआप हात जातो.

काय लिहावं हे सुचत नसेल तर भुलाबाईपासून सुरुवात कर. भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत आपण महिनाभर गाणी म्हणत होतो. तुझ्या माहेरची चाल आणि सौंसरची चाल एक नाही, शब्दही थोडे वेगळे आहेत. दोन्ही लिहून काढ, शेजारी-शेजारी. जात्यावरच्या ओव्या, पाळणे, गौळणी, आठवेल ते सगळं उतरव. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी खेडोपाडी फिरून लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या, आणि ओवी गाणाऱ्या बाईचं नाव आणि गाव त्या ओवीसोबत नोंदवलं. मला ते फार मोठं काम वाटतं, कारण आजवर आपल्या गाण्यांना गाव होतं पण बाई नव्हती. तूही तसंच कर. ही सासूबाईंनी सांगितलेली, ही आत्यानं, ही वरूडच्या आजीची. आणि जी तू स्वतः रचलीस तिच्याखाली तुझं नाव आणि तारीख. परंपरेचं गाणं आपलं म्हणून छापायचं नाही, आणि आपलं गाणं परंपरेचं म्हणून वाटूनही टाकायचं नाही. रचलं त्या क्षणी त्याचा हक्क तुझा असतो, कुठे नोंद करावी लागत नाही. तुझ्या हयातीत आणि तुझ्यामागं साठ वर्षं तो कायद्यानं टिकतो. व्हॉट्सअपवर नाव न लिहिता पाठवलेली कविता आठ दिवसांत दुसऱ्याच्या नावानं परत येते, म्हणून नाव कवितेच्या पोटातच लिहून पाठव.

घरातलं दुःख लिहावं का, हा प्रश्न प्रत्येकीला पडतो. लिही. पण लिहून झाल्यावर वर्षभर कोणाला दाखवू नकोस. फलटणच्या बेबीताई कांबळे छोटं दुकान चालवत, आणि लिहिलेलं कित्येक वर्षं घरच्यांपासून लपवून ठेवत. ‘जिणं आमुचं’ पुस्तकरूपानं १९८६ मध्ये आलं. त्यांना लपवावं लागलं, ती त्यांच्या काळाची आणि घराची सक्ती होती. तुला तशी सक्ती नसेल तर चोरून लिहू नकोस, वहीला कुलूप मात्र लाव. वर्षानं उघडून पाहिलंस की कळतं : काही पानं फक्त रागाची असतात, ती तुझ्यापाशीच राहू दे. काही पानांत सासूसुद्धा माणूस म्हणून दिसायला लागलेली असते. ती पानं लोकांसमोर जाण्याजोगी झाली. जे हयात आहेत त्यांची नावं, नाती बदल.

एकटीनं फार दिवस चालत नाही. आपल्याकडे तुकडोजी महाराजांच्या भजनांमुळे गावोगावी खंजिरी वाजते, बायांची भजनी मंडळं आहेत, तिथे जायला घरचं कोणी अडवत नाही. अशाच मंडळातल्या दोघी-तिघी हेर, ज्यांच्या वहीतही काही आहे. भजन संपल्यावर अर्धा तास थांबा आणि एकीनं आपलं वाचून दाखवावं. जामसावळीला मारुतीच्या दर्शनाला एकत्र जाताय, तर वही सोबत घ्या, झाडाखाली बसून वाचा. पाच-सहाजणींच्या वर जाऊ नका, मग फराळाचीच चर्चा होते. ऐकणारीनं “छान आहे” म्हणून सोडून देऊ नये. कुठली ओळ ध्यानात राहिली आणि कुठे मन भरकटलं, या दोनच गोष्टी सांगाव्या. एवढं सांगितलं तरी लिहिणारी पुष्कळ शिकते.

उतारवयात आपल्यातल्या पुष्कळजणींना पुन्हा एकदा गाव सोडावं लागतं. पोरगा पुण्याला, बंगळुरूला, कोणाची लेक थेट अमेरिकेत. नातवंडं सांभाळायला म्हणून जातो आणि तिथलेच होऊन बसतो. हे दुसरं स्थलांतर पहिल्यापेक्षा कठीण, कारण या वेळी हातात अंगण नसतं. जाताना वही हातातल्या पिशवीत ठेव. तिथे पोचल्यावर गावची आठवण येते म्हणून रडू येईल, तेव्हाच लिहायला बस. सौंसरमध्ये रोज दिसणाऱ्या गोष्टी आपण लिहीत नाही. सिल्लेवानीचा घाट, संत्र्याच्या फुलांचा वास, पांढुर्ण्याची बस, हे सगळं दूर गेल्यावर स्पष्ट दिसतं. आणि जवळपासच्या मराठी मंडळाची चौकशी कर. बहुतेक मोठ्या शहरांत ते असतं, परदेशातही असतं, आणि गणपतीच्या कार्यक्रमात पाच मिनिटं मागितली तर देतात.

राहिलं बाहेर पाठवायचं. छापून देतो म्हणून कोणी पैसे मागितले तर दोनदा विचार कर, आणि दागिना मोडून तर पुस्तक काढूच नकोस. आयएसबीएन नंबर सरकारकडून फुकट मिळतो, त्याचे पैसे मागणाऱ्याला तसं तोंडावर सांग. भोपाळला राज्याची मराठी साहित्य अकादमी आहे, नागपूरला १९२३ पासूनचा विदर्भ साहित्य संघ आहे, आकाशवाणी छिंदवाड्यालाही आहे आणि नागपूरलाही. तुला दोन्हीकडची दारं उघडी आहेत. इकडची म्हणून भोपाळला लिही, तिकडची म्हणून नागपूरला लिही. दिवाळी अंकाची रीत १९०९ मध्ये ‘मनोरंजन’नं घातली तेव्हापासून मराठीत नव्या लिहिणारीला तो चांगला दरवाजा आहे, पण अंकाची जुळवाजुळव उन्हाळ्यातच सुरू होते. नवरात्रात पाठवलेलं कोणी वाचत नाही. जूनच्या आत पाठव. कविता असतील तर तीन, कथा असेल तर एकच. कागदाच्या एकाच बाजूला, दोन ओळींत जागा सोडून लिही. वर नाव, गाव, तालुका, फोन नंबर घाल, आणि गाव लिहिताना “सौंसर, मध्य प्रदेश” असंच लिही, नागपूरजवळ वगैरे जोडू नकोस. झेरॉक्स काढून एक प्रत जवळ ठेव. स्पीड पोस्टनं पाठव आणि पावती वहीच्या मागच्या पानावर चिकटव. तीन महिन्यांत उत्तर आलं नाही तर फोन करून नम्रपणे विचार, आणि नको म्हणाले तर तेच दुसऱ्या अंकाला पाठव.